ब्रोकन टूथ दिसला, आता हात कुठं ठेवायचा? वॉरक्राफ्टमधल्या दुर्मीळ जनावरांची शोधाशोध आणि पकड

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ब्लिझार्ड कंपनीचा ऑनलाइन खेळ २००४ साली आला आणि अजून जोरात चालू आहे. त्यात हंटर नावाचा एक क्लास आहे. धनुष्य किंवा बंदूक घेऊन लांबून मारणारा, आणि सोबतीला एक जनावर बाळगणारा. हे जनावर दुकानात मिळत नाही. रानात हिंडणारं खरं जनावर शोधायचं, त्याच्यावर 'टेम बीस्ट' हा मंत्र चालवायचा, आणि मंत्र पूर्ण होईपर्यंत त्याचा मार खात उभं राहायचं. साधा लांडगा किंवा रानडुक्कर असं दहा मिनिटांत मिळतं. पण काही जनावरं नावाची असतात, अख्ख्या सर्व्हरवर एका वेळी एकच. मेलं तर काही तास दिसतच नाही. त्यांनाच 'रेअर' म्हणतात आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी एक घोळ मिटवू. या खेळात 'पेट' दोन प्रकारचे आहेत. एक हंटरचं लढाऊ जनावर, आणि दुसरे छोटे बॅटल पेट, जे २०१२ च्या 'मिस्ट्स ऑफ पँडारिया' विस्तारापासून कुठल्याही क्लासला पकडता येतात, एकमेकांशी लढवता येतात. बॅटल पेटपैकी बरेचसे पिंजऱ्यात घालून लिलावात विकता येतात. हंटरचं जनावर मात्र विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, टपालानं पाठवता येत नाही. त्यामुळं कुणी लोकनाहाक या गाजलेल्या रेअरबद्दल 'तो मी देतो, खेळातलं एवढं सोनं दे' म्हणाला तर तो सरळ फसवतोय. 'तुझा पासवर्ड दे, मी पकडून देतो' हे तर त्याहून वाईट, कारण जनावर राहिलं बाजूला, अकाउंटच हातचं जातं.

दुसरा घोळ आवृत्त्यांचा. 'रिटेल' म्हणजे आजचा चालू खेळ आणि 'क्लासिक' म्हणजे जुना खेळ जुन्याच नियमांनी. यूट्यूबवर बघून केलं आणि जमलं नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागं निम्म्या वेळा एवढंच असतं: व्हिडिओ रिटेलचा आणि खेळणारा क्लासिकवर. पुढं जिथं फरक पडतो तिथं तो सांगितलाय. ज्याला नुसतं चाखून बघायचंय त्यानं रिटेलची फुकट आवृत्ती घ्यावी. ती २० व्या लेव्हलपर्यंत चालते आणि तेवढ्यात हंटर बनवून पहिली दोनचार जनावरं पकडून होतात.

रेअर हवंच कशाला, हा रास्त प्रश्न आहे. रिटेलमध्ये उत्तर सरळ आहे: रूपासाठी. एका जातीच्या सगळ्या जनावरांची ताकद आणि कौशल्यं सारखीच, मग ते नावाचं असो की बिननावाचं. क्लासिकमध्ये मात्र खरा फरक पडतो. बॅडलँड्समधला ब्रोकन टूथ हा ३७ व्या लेव्हलचा रानमांजर जातीचा रेअर. त्याचा हल्ल्याचा वेग १.०, म्हणजे दर सेकंदाला एक फटका (हा आकडा दोन फटक्यांमधल्या सेकंदांचा, जितका लहान तितकं जनावर चपळ). क्लासिकमध्ये मंत्र म्हणणाऱ्याला फटका बसला की मंत्र मागं ढकलला जातो. सेकंदाला एक फटका बसायला लागला तर समोरच्या मेजचा किंवा प्रीस्टचा मंत्र काही केल्या पुरा होत नाही. म्हणून माणसामाणसांच्या लढाईत हा इतका मागणीचा. मुलगोरमधला 'द रेक' १० व्या लेव्हलचा, वेग १.२, नव्या हंटरला परवडणारा. बॅरन्समधला काळा सिंह हुमार २३ व्या लेव्हलचा, आणि त्याचं सगळं कौतुक त्या काळ्या आयाळीचं. नंतरच्या विस्तारांत सगळ्या जनावरांचे वेग सारखे करून टाकले, आणि ब्रोकन टूथचा रुबाब तिथंच उतरला.

मग आले स्पिरिट बीस्ट. अर्धपारदर्शक, अंगातून निळसर उजेड येणारी ही जनावरं २००८ च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग' मध्ये आली. पहिला लोकनाहाक, शोलाझार बेसिनमधला ठिपक्यांचा बिबट्या. त्याच्यापाठोपाठ झुलड्राकमध्ये गोंड्रिया, स्टॉर्म पीक्समध्ये स्कोल, ग्रिझली हिल्समध्ये आर्क्टुरिस. स्पिरिट बीस्ट, डेव्हिलसॉर, कोअर हाउंड अशा जाती 'एक्झॉटिक' धरल्या जातात आणि त्या फक्त बीस्ट मास्टरी शाखेच्या हंटरलाच पकडता येतात. मार्क्समनशिप या दुसऱ्या शाखेचा हंटर समोर उभा राहून मंत्र दाबत बसला तरी काही होणार नाही. आधी शाखा बदला, मग निघा. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण शाखा बदलायची राहिली म्हणून रेअर गमावलेले लोक कमी नाहीत.

आता शोध. आपल्याकडं कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथला वाघ शोधणारा वनरक्षक रानभर पळत सुटत नाही. पाणवठे आणि वाटा ठरलेल्या असतात, तिथं ठसे बघतो, कॅमेरा लावतो. खेळातही तसंच आहे. रेअर कुठंही उगवत नाही. त्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, कधी एक, कधी पाचसहा, आणि त्यातल्या कुठल्याही एका जागी तो 'स्पॉन' होतो. काही तिथंच बसतात, काही ठरलेल्या वाटेनं फिरतात. या जागा पेटोपिया आणि वॉवहेड या साइटवर नकाशासकट मिळतात. पेटोपिया तर फक्त हंटरच्या जनावरांसाठीच आहे. रंग, जात, लेव्हल, जागा, टेम होतं की नाही, सगळं एका पानावर. नकाशा बघून जागांची एक फेरी आखायची आणि ती एकाच दिशेनं मारत राहायची. उलटसुलट फिरलं की एखादी जागा हमखास सुटते.

जागेवर पोचल्यावर 'ट्रॅक बीस्ट्स' चालू आहे ना ते बघा. मिनिमॅपवर जनावरं ठिपक्यांनी दिसतात आणि ठिपक्यावर माउस नेला की नाव वाचता येतं. दाट झाडीत किंवा टेकडीच्या पलीकडं असलेला रेअर यामुळंच सापडतो. जोडीला टार्गेटचा मॅक्रो, म्हणजे एका बटणावर बसवलेला हुकूम, करून ठेवा: तिरकी रेघ, टार्गेट, मग नाव. तो पट्टीवर ठेवून चालताचालता दाबत राहायचं. जनावर आवाक्यात आलं की आपोआप निवडलं जातं. निवडल्यावर चित्रावर चंदेरी खूण दिसली तर तो रेअर, सोनेरी दिसली तर एलिट, म्हणजे नेहमीपेक्षा तगडं जनावर. सिल्व्हर ड्रॅगन आणि रेअर स्कॅनर हे दोन अ‍ॅडऑन (खेळाला जोडायचे छोटे प्रोग्राम) रेअर जवळ आला की घंटा वाजवतात. पण सगळा भरवसा घंटेवर टाकू नका. ती वाजेपर्यंत तुम्ही उडत्या वाहनावरून पुढं गेलेले असता. आवाज आला की थांबायचं, खाली उतरायचं आणि मॅक्रो दाबायचा.

मेलेला रेअर दिसला तर वाईट वाटून घेऊ नका, वेळ लिहून ठेवा. त्याचं घड्याळ तिथून सुरू होतं. बहुतेक रेअरचा परतायचा वेळ काही तासांचा असतो आणि त्यात मागंपुढं होतंच. म्हणून 'मेला तेव्हापासून आता सहावा तास' एवढं जरी माहीत असलं तरी उगाच सकाळपासून बसून राहावं लागत नाही. कुणी टेम करून नेला तरी हिशेब तोच.

वेळेच्या बाबतीत सातारा-सांगलीकरांचं चक्क फावतं. आपल्याकडचे बरेच जण युरोपच्या सर्व्हरवर खेळतात. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे इथं रात्री साडेबाराला तिकडं उन्हाळ्यातले रात्रीचे नऊ: सगळी गर्दी जागी, प्रत्येक जागेवर एक हंटर ठाण मांडून. आणि इथं सकाळचे नऊ म्हणजे तिकडं पहाटेचे साडेपाच, सर्व्हर जवळपास ओस. जागरण करून डोळे लाल करण्यापेक्षा सकाळचा चहा घेऊन बसलेलं बरं. युरोपात सर्व्हरची दर आठवड्याची दुरुस्ती बुधवारी सकाळी होते. ती संपताना आपल्याकडं दुपार व्हायला आलेली असते. बंद होऊन सर्व्हर नव्यानं सुरू झाला की रेअर जागेवर सापडायची शक्यता चांगली, म्हणून मुरलेले हंटर त्याच वेळी लॉगिन करतात. मात्र रेअर जिथं आहे त्याच्या शेजारच्याच सरायीत आदल्या दिवशी लॉगआउट करून ठेवायचं. राजधानीतून उडत निघालं तर पोचेपर्यंत दुसऱ्यानं नेलेला असतो.

रिटेलमध्ये आणखी एक गंमत आहे. एकाच प्रदेशाच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू असतात, त्यांना शार्ड म्हणतात. तुमच्या प्रतीत लोकनाहाक नाही म्हणजे तो कुठंच नाही असं नव्हे. दुसऱ्या सर्व्हरवरच्या कुणाच्या ग्रुपमध्ये गेलं की बऱ्याचदा तुम्ही त्याच्या शार्डमध्ये जाऊन पडता. राजधानीत जाऊन वॉर मोड (खेळाडूंनी एकमेकांवर हल्ला करायची मुभा) चालू किंवा बंद केला तरी शार्ड बदलतो. क्लासिकच्या गर्दीच्या सर्व्हरवर अशाच प्रतींना लेयर म्हणतात.

आणि स्पर्धा फक्त हंटरांशी नाही. 'फ्रॉस्टबिटन' नावाची एक अचिव्हमेंट आहे, त्यात नॉर्थरेंडमधल्या रेअरना मारायचं असतं. यादीत लोकनाहाकही आहे आणि शोलाझारमधला डेव्हिलसॉर किंग क्रशही. म्हणजे ज्याला तुम्ही घरी न्यायला निघालाय त्याला मारायला दुसरा तलवार घेऊन निघालाय. त्याचंही चुकत नाही, त्याला तेच हवंय. चॅटमध्ये नम्रपणे विचारलं तर काही जण थांबतात. शिव्या दिल्या तर कुणीच थांबत नाही.

आता मुख्य भाग. क्लासिकमध्ये 'टेम बीस्ट' २० सेकंद चालतो. तेवढा वेळ तुमचं चिलखत १०० टक्के शून्य. हललात, घाबरवले गेलात, चक्कर येऊन थिजलात, जनावर नजरेआड झालं, की मंत्र तुटला. जनावराची लेव्हल तुमच्यापेक्षा जास्त असेल तर तो सुरूच होत नाही. म्हणजे ब्रोकन टूथसाठी किमान ३७.

सगळ्यात जास्त घात करणारी अट वेगळीच आहे. क्लासिकमध्ये आधीचं जनावर नुसतं 'डिसमिस' करून चालत नाही. ते तुमच्याच नावावर असतं आणि दुसरं घेता येत नाही. त्याला स्टेबल मास्टरकडं तबेल्यात ठेवूनच निघावं लागतं, आणि तबेल्यात जागा दोनच. दोन्ही भरल्या असतील तर कुणाला सोडायचं ते घरीच ठरवा, बॅडलँड्समध्ये नाही. याचाच दुसरा अर्थ असा की वाट बघण्याचा सगळा वेळ तुम्ही जनावराविना एकटे असता. तेव्हा थोडं सांभाळून फिरा. रिटेलमध्ये हे सोपं आहे. सोबतचं जनावर डिसमिस करायचं आणि हाकेच्या पाच जागांपैकी एक मोकळी ठेवायची, बस्स.

क्लासिकमधल्या त्या २० सेकंदांचा हिशेब मांडू. मंत्राचा पल्ला ३० यार्ड. तुम्ही तेवढ्या लांबून सुरू केलं तर जनावराला तुमच्यापर्यंत धावत यायला चारेक सेकंद लागतात. तुमच्या पायाशी आधीच 'फ्रीझिंग ट्रॅप' लावलेला असेल तर ते येताक्षणी बर्फात गोठतं. हा ट्रॅप २० व्या लेव्हलला मिळतो तेव्हा १० सेकंद टिकतो, ४० ला दुसरी पायरी मिळते ती १५ सेकंदांची, ६० ला तिसरी २० सेकंदांची. ३७ व्या लेव्हलच्या हंटरकडं पहिलीच. म्हणजे चार अधिक दहा, चौदा सेकंद गेले, आणि उरलेले सहा सेकंद बिनचिलखताचे. ब्रोकन टूथ सेकंदाला एक मारतो, म्हणजे सहाएक फटके. पूर्ण रक्त असेल तर माणूस सहज तगतो. ट्रॅप न लावता सुरू केलं तर पंधरासोळा खावे लागतात, आणि तिथं भरवसा नाही.

म्हणून क्रम असा: दुरून रेअर दिसला की आधी आसपासची इतर जनावरं साफ करा, कारण मंत्र चालू असताना दुसरं काही येऊन झोंबलं तर खेळ खलास. रक्त पूर्ण भरा. 'अ‍ॅस्पेक्ट ऑफ द मंकी' लावा, त्यानं काही फटके चुकतात. लढाई सुरू व्हायच्या आधी ट्रॅप लावा, क्लासिकमध्ये लढाईत असताना तो लागतच नाही. जमिनीवरचा ट्रॅप एक मिनिट टिकतो, तेव्हा उगाच दहा मिनिटं आधी लावून बसू नका. ट्रॅपवरच उभे राहा, पल्ल्याच्या टोकाला रेअर येऊ द्या, मंत्र दाबा आणि कीबोर्डवरून हात उचला. खरंच उचला. घाबरून चालायचं बटण दाबलं जाणं हे मंत्र तुटण्याचं सगळ्यात सामान्य कारण आहे.

तुटलाच तर पळू नका. ३० व्या लेव्हलला 'फेन डेथ' मिळतो, म्हणजे मेल्याचं सोंग. सोंग घेतलं की जनावर तुम्हाला सोडून आपल्या जागी परत जातं, तुम्ही लढाईतून बाहेर येता आणि ट्रॅप पुन्हा लावता येतो. कधीकधी सोंग लागू पडत नाही, तेव्हा रक्त अगदी तळाला जाईपर्यंत थांबू नका.

उंच खडकावर चढून सुरक्षित मंत्र म्हणायची शक्कल बऱ्याच जणांना सुचते. ती चालत नाही. जनावराला तुमच्यापर्यंत पोचायची वाटच सापडली नाही तर ते नाद सोडून परत फिरतं, आणि त्याचं लक्ष गेलं की मंत्र गेला.

याच्या उलटचा धोका मोठ्या लेव्हलच्या हंटरला. ६० व्या लेव्हलवाल्यानं २३ च्या हुमारला एक बाण मारला तरी तो आडवा. म्हणून निवडायचं ते डाव्या क्लिकनं, उजव्या नाही, कारण उजव्या क्लिकनं हल्ला सुरू होतो. 'सर्पंट स्टिंग' सारखं विष लावलेलं असेल तर ते मंत्र चालू असतानाही जनावराला खात राहतं. सगळ्यात फसवं म्हणजे काटे. ड्रुइडनं मायेनं तुमच्यावर 'थॉर्न्स' टाकला असेल किंवा तुमच्या ग्रुपमधल्या पॅलाडिनचा 'रेट्रिब्युशन ऑरा' शेजारी चालू असेल, तर जनावर तुम्हाला मारताना स्वतःच जखमी होत जातं आणि छोट्या लेव्हलचं असेल तर पकडायच्या आतच मरतं. अंगावरचे असले सगळे परिणाम घालवा आणि मगच पुढं जा.

काही जनावरांना नुसता मंत्र पुरत नाही. माउंट हायजलमधले अंखा आणि मॅग्रिया हे दोन स्पिरिट बीस्ट अंगावरचं सगळं चिलखत उतरवल्याशिवाय जवळ येऊ देत नाहीत. बांथालोस नावाचं घुबड उंच आभाळात फिरतं. तिथं प्रश्न पकडण्याचा कमी आणि खाली पडून मरण्याचा जास्त. रिटेलमध्ये काही जातींना आधी विद्या शिकावी लागते. शिंगाच्या डायरहॉर्नसाठी 'एन्शंट टोम ऑफ डायनोमॅन्सी' हे पुस्तक लागतं. ते 'आइल ऑफ जायंट्स' बेटावरच्या झांडलारी डायनोमॅन्सरांना मारून मिळतं. झांडलारी ट्रोल वंशाच्या हंटरला ते जन्मतःच येतं. यांत्रिक जनावरांसाठी इंजिनिअर लोक 'मेका-बाँड इम्प्रिंट मॅट्रिक्स' बनवतात. ते लिलावात विकत मिळतं आणि एकदा शिकलं की कायमचं. नोम आणि गॉब्लिन हंटरला त्याची गरज नाही. निघायच्या आधी पेटोपियावर जातीचं पान उघडून अशी काही अट आहे का ते बघा.

वीज आणि नेट हा आपल्याकडचा खास विषय. जुलै-ऑगस्टात कृष्णाकाठी पाऊस लागला की कधी लाइट जाईल सांगता येत नाही, आणि 'दुरुस्तीसाठी पुरवठा बंद' चा मेसेज तर बारमाही. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो पण राउटर भिंतीच्या प्लगवर, हे चित्र घरोघरी. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद, आणि तुमचा हंटर मांजरासमोर पुतळ्यासारखा उभा. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या किंवा त्याच्यापुरता छोटा बॅकअप मिळतो तो लावा. आयत्या वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उडी मारली तर कनेक्शन बदलतं आणि खेळ बाहेर फेकतो, मग पुन्हा लॉगिन. वाट बघायची तर पहिल्यापासून एकाच नेटवर बघा. युरोपच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला इथून शंभरहून जास्त मिलिसेकंद लागतात, पण टेम करताना त्यानं बिघडत नाही. पळापळ कमी आणि उभं राहणंच जास्त.

पकडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं क्लासिकमध्ये महत्त्वाची. जनावर नुकतंच धरलेलं, रागावलेलं, चेहऱ्याचं चिन्ह लाल. अशा अवस्थेत ते ७५ टक्केच मारतं. पिवळ्याला १०० टक्के, हिरव्याला १२५. लगेच खायला घाला. मांजर जात मांस आणि मासे खाते, गोरिला फळं आणि अळंबी, रानडुक्कर जवळपास काहीही. अन्न जनावराच्या लेव्हलच्या जवळचं हवं. ब्रोकन टूथला पहिल्या लेव्हलचं वाळकं मांस पुढं केलं तर तो तोंड फिरवेल. ३५ व्या लेव्हलचं 'क्युअर्ड हॅम स्टेक' चालतं. दहा-वीस नग आधीच पिशवीत ठेवा, बॅडलँड्सच्या मधोमध वाणी भेटत नाही. एकदा घातलेलं खाणं २० सेकंद अंगी लागतं. मध्ये लढाई सुरू झाली तर उरलेलं वाया जातं, म्हणून मोकळ्या जागी नेऊन खाऊ घाला. जनावर मेलं की त्याची खुशी उतरते. निष्ठेच्या सहा पायऱ्या आहेत आणि सगळ्यात खालच्या पायरीवर उपाशी, नाराज ठेवलेलं जनावर कायमचं निघून जातं. दिवसदिवस बसून धरलेला रेअर हंड्रेड पर्सेंट असाच घालवता येतो. रिटेलमध्ये ही खुशीची भानगड राहिलेली नाही. तिथं जनावर तुमच्या लेव्हललाही आपोआप येतं, क्लासिकमध्ये मात्र ते लढवून वाढवावं लागतं.

शेवटचं काम नावाचं. पकडलेलं जनावर आपलं गाजलेलं नाव विसरतं आणि नुसतं 'कॅट' होऊन येतं. चित्रावर उजवी क्लिक करून नाव बदलता येतं, पण क्लासिकमध्ये एकदाच. देवनागरी चालत नाही, त्यामुळं सर्जा, ढवळ्या, वाघ्या जे काही ठेवणार असाल ते इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं ते आधी कागदावर लिहून बघा. 'ढवळ्या' मधला एच राहून गेला तर तो साठाव्या लेव्हलपर्यंत 'दवळ्या' म्हणूनच फिरतो.